लाळेत मेंदू नसतो

हर्णैच्या आमच्या वाडीच्या ग्रुपवर आठ दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: नव्या सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनए-आरएनएची अक्षरं यंत्राने वाचण्याच्या तंत्राने, मेंदूतली सगळी जनुकं वाचून झाली, आता लाळेच्या थेंबावरून मुलाच्या मेंदूत कोणती जनुकं चालू, कोणती बंद ते कळतं, डीएनएचा दोन टक्केच भाग कामाचा, बाकी कचरा, आणि अल्झायमरच्या मेंदूत जी जनुकं बंद दिसतात तीच रोगाचं मूळ. खाली ‘पॅकेज’साठी फोन नंबर. काकूने विचारलं, “पोराची थुंकी पाठवू काय रे?” म्हणून हे लिहितोय.

आधी लाळ. डीएनए गालाच्या पेशीत आणि मेंदूतल्या चेतापेशीत जवळजवळ सारखाच असतो. फरक असतो तो कुठे काय चालू आहे याचा. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए नकला निघतात, आणि सिक्वेन्सिंग यंत्र अशा कोट्यवधी नकलांचे तुकडे एका दमात वाचतं. पण नकला ज्या पेशीत निघाल्या तिथेच सापडणार. लाळेत मिळतात गालाच्या अस्तराच्या पेशी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी. हंटिंग्टनसारख्या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं जनुक लाळेतल्या डीएनएवरूनही तपासता येतं, हे खरं. पण ते अक्षरं वाचणं झालं, मेंदूतली बटणं बघणं नव्हे.

त्यासाठी मेंदूचाच तुकडा लागतो. तो येतो मरणोत्तर दानातून, किंवा फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेत काढावा लागलेल्या भागातून. बंगळुरूच्या निमहान्समध्ये अशी मेंदूपेढी आहे. तिथेही ताजेपणाचा प्रश्न असतोच. बंदरावर काकू सुरमईचा कल्ला अंगठ्याने उचलून आतला लाल रंग बघते, मगच भाव विचारते. आरएनए किती तुटलाय हेही असंच आधी तपासतात, त्याला १ ते १० गुण देतात. गुण फारच कमी आले तर तुकडा बाजूला.

दोन टक्क्यांचा आकडा साधारण बरोबर आहे. प्रथिनं बनवायची पाककृती तेवढ्याच भागात असते. मात्र कोणतं जनुक कुठल्या पेशीत, केव्हा चालू व्हायचं हे ठरवणारे तुकडे उरलेल्या भागात असतात. (तो सगळाच कामाचा आहे, असं मी म्हणत नाही.) २०१९ साली बिन१ या जनुकाजवळचा असा एक तुकडा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून कापून टाकला. अल्झायमरचा धोका वाढवणारे बदल याच तुकड्यात सापडतात. तो गेल्यावर मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, यांच्यात बिन१ जवळपास बंद पडलं. चेतापेशींत मात्र ते चालूच राहिलं. म्हणे कचरा!

शेवटचा मुद्दा भल्याभल्यांना चकवतो. मांदेली आणि कोलंबीचा मिसळ वाटा घ्या, दोन्ही दहा-दहा. कुणी पाच कोलंब्या उचलल्या, तर मांदेलीचा हिस्सा निम्म्यावरून दोन तृतीयांशावर जातो, मांदेली एकही न वाढता. मेंदूचा तुकडा सगळ्या पेशींसकट एकत्र कुटून वाचला की हेच होतं. अल्झायमरमध्ये चेतापेशी मरतात, मग त्यांची जनुकं ‘बंद’ आणि बाकीच्या पेशींची ‘जोरात’ दिसतात. बटण कुणी दाबलेलंच नसतं. दिवाच गेलेला असतो. म्हणून आता एकेक केंद्रक वेगळं वाचतात. गोठवलेल्या मेंदूत अख्ख्या पेशी फुटतात, पण केंद्रकं शाबूत निघतात. प्रत्येकाच्या आरएनएला आपली खूण चिकटवली की कुठली नकल कुणाची ते कळतं. एवढं करूनही, शेवटच्या टप्प्यातल्या मेंदूत दिसलेला बदल रोगाचं कारण की परिणाम, हे त्या मोजणीतून ठरत नाही.

काकूला वाट्याचं लगेच पटलं. “कोलंबी आधीच उचलून ठेवतात ते मला नको शिकवूस,” म्हणाली, आणि फॉरवर्ड पुसून टाकला.