इव्हँगेलियनचा शेवट आणि ‘पैसे संपले’ ही गोष्ट

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ या जपानी अॅनिमेशन (अॅनिमे) मालिकेचा विषय निघाला की कुणीतरी हे सांगतंच: “शेवटच्या दोन भागांपर्यंत स्टुडिओचे पैसे संपले होते. म्हणून स्थिर चित्रं लावून नुसती बडबड ऐकवली. खरा शेवट नंतर चित्रपटात आला. टीव्हीवरचे ते दोन भाग नाही बघितले तरी चालतं.” हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की माझ्या एका मैत्रिणीने चोविसावा भाग संपवला आणि थेट चित्रपट लावला. पंचविसावा, सव्विसावा तिने उघडलेसुद्धा नाहीत. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं, म्हणून हे लिहिते आहे. पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे. मालिका बघायची असेल तर आधी बघून या.

पहिलं, “पैसे संपले.” पैसा मुबलक होता असं माझं म्हणणं नाही. गायनॅक्स हा छोटा स्टुडिओ होता आणि शेवटासाठी बजेट राखून ठेवायचा बेत जमला नाही, हे तिथे काम केलेल्यांकडूनही पुढे आलं आहे. पण मानगुटीवर बसली होती ती वेळ. मालिका टीव्ही टोकियोवर 4 ऑक्टोबर 1995 ला सुरू झाली आणि 27 मार्च 1996 ला संपली. 26 भाग, दर बुधवारी संध्याकाळी एक. तेव्हा प्रत्येक चित्र हाताने काढून पारदर्शक सेलवर उतरवायचं, रंगवायचं, मग कॅमेऱ्याखाली धरायचं, अशी पद्धत होती. पुढच्या बुधवारी जो भाग जायचा आहे त्याची हजारो सेल तयार नसतील, तर हातात कितीही पैसे असले तरी ती त्या आठवड्यात उगवत नाहीत. सहाय्यक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी नंतर मुलाखतीत हेच सांगितलं: वेळापत्रक पार कोलमडलं होतं, सेलची संख्या घसरली होती. नीट काम होणार नसेल तर पुढे कशाला जायचं, असाही सूर स्टुडिओत निघाला. त्सुरुमाकींचं मत वेगळं होतं. आपली ही मोडतोडसुद्धा पडद्यावर दिसू द्यावी, असं त्यांना वाटत होतं. अडचण सगळ्यांना दिसत होती. तिचं काय करायचं ते ठरवलं गेलं, आणि ‘पैसे संपले’ म्हणणारे नेमका हा ठरवण्याचा भाग गाळतात.

याचा पुरावा चित्रपटातच आहे. मालिका गाजल्यावर चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हा पैशाची चणचण नक्कीच नव्हती. तरी मार्च 1997 मध्ये थिएटरात जे पोहोचलं त्यात आधीच्या भागांचं संकलन आणि नव्या शेवटाचा फक्त सुरुवातीचा तुकडा होता, कारण उरलेलं काम पूर्णच झालं नव्हतं. पूर्ण शेवट यायला 19 जुलै उजाडला.

दुसरं, “स्थिर चित्रं म्हणजे काटकसर.” स्थिर चित्राने काम वाचतं, हे खरं आहे. जपानी टीव्ही अॅनिमे 1963 च्या ‘अॅस्ट्रो बॉय’पासून कमी चित्रांतच उभा राहिला. पण इव्हँगेलियनमध्ये अशी दृश्यं शेवटी अचानक उपटत नाहीत. चौथ्या भागात, म्हणजे ऑक्टोबर 1995 मध्येच, पळून निघालेला शिंजी, म्हणजे ‘इव्हा’ नावाचं महाकाय लढाऊ यंत्र चालवणारा मालिकेचा नायक, गाडी सोडून देतो आणि फलाटावर उभा राहतो. समोर मिसातो, ज्या अधिकारी बाईच्या घरी तो राहतो ती. दोघं नुसती एकमेकांकडे बघत राहतात, बघणारा अस्वस्थ होईपर्यंत. मग तो म्हणतो “आलो”, जपानी माणूस घरात पाऊल टाकताना म्हणतो तसं, आणि ती घरातल्या माणसासारखं उत्तर देते. ते लांबलेले क्षण काढून टाका, या दोन शब्दांना काही वजन उरणार नाही.

बाविसाव्या भागातली लिफ्ट तर मी किती वेळा बघितली असेल! शिंजीसारख्याच इव्हा चालवणाऱ्या दोन मुली. रेई दाराशी, पाठमोरी. असुका मागच्या भिंतीला टेकलेली. पन्नासेक सेकंद चित्र हलतच नाही. लिफ्टच्या यंत्राची टकटक चालू असते आणि मध्येच असुकाची पापणी लवते, तेवढीच हालचाल. नकोशा माणसाबरोबर बंद जागेत अडकल्यावर वेळ कसा ताणला जातो, ते अंगावर येतं. मग रेई तोंड उघडते, मन मोकळं केल्याशिवाय इव्हा हलणार नाही म्हणते, आणि असुका तिला थोबाडीत मारते. ती थोबाडीत त्या पन्नास सेकंदांत साठलेली असते. चोविसाव्या भागात शत्रू निघालेला शिंजीचा मित्र काओरू शिंजीच्या इव्हाच्या मुठीत असतो, बीथोव्हेनची नववी सिम्फनी चालू असते आणि मिनिटभर काहीच घडत नाही. शिंजीला निर्णय घ्यायचा आहे आणि तो घेववत नाही. तिथे हालचाल दाखवायची तरी कसली?

सव्विसाव्या भागाबद्दल जे म्हटलं जातं ते मला सगळ्यात जास्त लागतं. “काढायला चित्रंच नव्हती.” त्याच भागात शिंजी दुसऱ्याच एका आयुष्यात जागा होतो. असुका त्याला शाळेसाठी उठवते, आई स्वयंपाकघरात असते, रेई तोंडात टोस्ट धरून धावत येते आणि त्याच्यावर आदळते. सगळं नवं काढलेलं, हलतं, खेळकर. सहकाऱ्यांच्या हातात जी ताकद उरली होती ती दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी इथे लावली, कारण ‘मी वेगळाही असू शकतो’ हे शिंजीला इथेच उमगतं.

आणि त्याआधी तो पांढरा कागद. रिकाम्या पांढऱ्यात शिंजी एकटा तरंगतो आहे. हे पूर्ण स्वातंत्र्य, असं त्याला सांगितलं जातं. पण काहीच नसल्यामुळे त्याला काहीच करता येत नाही. मग कागदावर एक आडवी रेघ ओढली जाते. ती जमीन. आता वर-खाली ठरलं, एक स्वातंत्र्य गेलं, पण तो उभा राहू शकतो, चालू शकतो. एका रेघेत एवढं सांगितलेलं मी दुसऱ्या कुठल्या अॅनिमेत पाहिलेलं नाही. चकचकीत रंगवलेल्या दृश्यात हे सांगताच आलं नसतं. तिथे कागदच हवा होता.

“हा शेवट ऐनवेळी जोडला, आधीच्या कथेशी त्याचा संबंध नाही.” यातलं अर्धं बरोबर आहे. पंचविसाव्या भागाची ठरलेली पटकथा वेळेअभावी बाजूला ठेवावी लागली आणि पुढे तीच चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागाचा पाया झाली. पण शेवट अधांतरी ठेवून काम सुरू केल्याचं आन्नोंनी लपवलं नव्हतं. मालिका सुरू होण्याआधीच, 1995 मध्ये, त्यांनी लिहिलं होतं की चार वर्षं आपण मोडून पडलो होतो आणि ही पात्रं कुठे पोहोचतील ते आपल्याला ठाऊक नाही. आणि विषय? जवळ आलं की काटे टोचतात, लांब राहिलं की थंडी वाजते, ही साळिंदराची गोष्ट तिसऱ्या भागातच येते आणि चौथ्याच्या नावातही आहे. सोळाव्या भागात शिंजी सावलीच्या समुद्रात बुडून गाडीच्या डब्यात स्वतःशीच वाद घालतो. विसाव्यात तो इव्हाच्या आत विरघळून जातो आणि पडद्यावर शब्द, जुनी दृश्यं, प्रश्न येत राहतात. शेवटच्या दोन भागांची भाषा प्रेक्षकाला तोवर शिकवून झालेली असते.

“चित्रपटाने टीव्हीचा शेवट खोडला” याबद्दल थोडक्यात सांगते. त्यातल्या भागांना 25 आणि 26 हेच क्रमांक दिले आहेत, म्हणजे त्याच प्रसंगांची ती दुसरी मांडणी आहे. दोन्हीकडे शिंजी एकाच जागी पोहोचतो: सगळ्या माणसांनी एकमेकांत मिसळून एक होण्यापेक्षा वेगळं राहणं, दुखलं तरी, त्याला हवं असतं. टीव्हीवर त्याला टाळ्या मिळतात, चित्रपटात उजाड किनारा. मला दोन्ही हवेत.

आता 2021. 8 मार्चला जपानमध्ये इव्हँगेलियन नव्याने सांगणाऱ्या चित्रपटमालिकेचा चौथा आणि शेवटचा चित्रपट आला. आन्नोंचा स्वतःचा स्टुडिओ, खारा. पहिला चित्रपट 2007 चा, म्हणजे हातात चौदा वर्षं. जपानमध्ये त्याने 10 अब्ज येनच्या वर कमाई केली. त्यात अगदी शेवटाजवळ शिंजी समुद्रकिनारी एकटा बसलेला आहे. बघता बघता रंग उडतात, उरते पेन्सिलची रेघ, कच्चं रेखाटन, 1996 मध्ये होतं तसंच. मग मारी, या चित्रपटांतली नवी मुलगी, येते आणि रंग परततात. यावेळी पैसे संपले नव्हते.

मैत्रिणीला मी आता क्रम लिहून दिला आहे: चोविसावा, मग पंचविसावा आणि सव्विसावा एका बैठकीत, मग एक दिवस काहीच नाही, आणि त्यानंतर चित्रपट.