कुत्रा पुढच्या सीटवर

कुत्रा पुढच्या सीटवर बसला होता. स्टेशनवर भेटलेल्या आजोबांनी काच खाली केली, हात हलवला, "कुराज!" म्हणून ओरडले आणि गाडी न थांबवता निघून गेले. कुराज म्हणजे धीर धरा. मागची सीट अख्खी रिकामी होती, हे इथं नोंदवून ठेवते.

फ्रान्समध्ये तुलूजला शिकते. शनिवार-रविवारात रोकामादूर हे मध्ययुगीन गाव बघायचं आणि पादिराकच्या गुहेत उतरायचं, एवढाच बेत. तुलूजहून ब्रीव, तिथं गाडी बदलली की पाऊण तासाच्या आत स्टेशन येतं, 'रोकामादूर-पादिराक'. एका तिकिटात दोन गावं, म्हटलं नशीब काढलं. उतरले तर एक रस्ता, थोडी झाडं आणि बाकावर एक आजोबा. काखेत पावाची लांब काठी, पायाशी कुत्रा.

आपल्याकडे कोकण रेल्वे 'राजापूर रोड' लिहिते. त्या 'रोड'मध्ये केवढी सभ्यता आहे! बाई गं, हा नुसता रस्ता आहे, गाव तुझं तू बघ. फ्रेंचांनी नेमका तोच शब्द गाळलाय.

"रोकामादूर कुठं आहे?" मी विचारलं.

आजोबांनी पावाने डावीकडे दाखवलं. "चार किलोमीटर."

"आणि पादिराक?"

पाव उजवीकडे फिरला. "दहाच्या वर."

"मग स्टेशनला दोघांचं नाव कसं?"

"स्टेशन मधे आहे ना," आजोबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "कुणालाच जवळ नाही. म्हणजे कुणाची तक्रार नाही."

या न्यायापुढे काय बोलणार? "बस कुठून मिळते?"

"बस?" त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्यानेही त्यांच्याकडे पाहिलं. "शाळेची असते. शाळा असेल तेव्हा."

"मग लोक जातात कसे?"

"गाडीने."

"ज्यांच्याकडे गाडी नाही ते?"

आजोबांनी पावाचं टोक मोडलं, अर्धं कुत्र्याला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. माझा प्रश्न त्यांनी खरंच मनावर घेतला होता. मग शांतपणे म्हणाले, "ते इथं उतरत नाहीत."

पायी पादिराकला किती वेळ लागेल, असं विचारलं तर म्हणाले, "गाडीने पाव तास. सरळच आहे." ह्यांच्याकडचं 'सरळ' म्हणजे आपल्याकडचं 'हे काय, इथंच'. दोन्ही शब्दांवर विश्वास ठेवून माणसं दमलेली आहेत.

तर रोकामादूरकडे निघाले. त्या रस्त्याला फुटपाथ नाही. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून जातात, म्हणून चालताना डाव्या कडेने चालायचं, म्हणजे अंगावर येणारी गाडी समोर दिसते. आजोबा त्याच नियमानुसार समोरून आले आणि स्पष्ट दिसले. कुत्राही दिसला.

शिवाय स्टेशनकडून येणारा माणूस रोकामादूरच्या डोक्यावर पोचतो, लोस्पिताले नावाच्या वस्तीत. गाव कड्याला चिकटलेलं, मजल्यामजल्यांचं. सगळ्यात वर किल्ला, त्याखाली कड्याच्या कुशीत देवळं, त्याखाली एकच रस्ता आणि घरं, तळाशी आल्झू नदीची दरी. म्हणजे आधी सगळं उतरायचं आणि मग यात्रेकरूसारखं पुन्हा चढायचं, 216 पायऱ्या. जुने यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. मी पाठीवर सॅक घेऊन चढले आणि गुडघे तसेही गेले. लिफ्ट आहे, पैसे पडतात. वर काळ्या मेरीची लाकडी मूर्ती आहे, लहानशी, धुरकट, आणि खरं सांगायचं तर 216 पायऱ्यांनंतर तिच्यासमोरच्या बाकावर बसण्यात जी भक्ती असते ती अस्सल असते.

बाहेर कड्यात वर खुपसलेली दुरांदाल तलवार होती, जुन्या फ्रेंच वीरकाव्यातल्या रोलाँची म्हणून दाखवायचे. 2024 च्या उन्हाळ्यात ती गायब झाली. जमिनीपासून साधारण दहा मीटर उंचीवरची तलवार लोकांना काढता येते, स्टेशनवरून एक बस सोडता येत नाही. असो. गावच्या नावाचं शेळीच्या दुधाचं चीज मात्र खा. जेमतेम 35 ग्रॅमची चकती असते, पावावर ठेवून गरम केली की कडा वितळतात आणि मधला भाग तसाच राहतो. दोन खा. मी तीन खाल्ली, रागाने.

रविवारी पादिराक. कार नसेल तर टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवायची, जाण्याची आणि येण्याचीही, कारण गुहेशी कुणी रिकामं उभं नसतं. गुहेचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते ऑनलाइन आधी काढायचं. हिवाळ्यात गुहा बंद असते. टॅक्सीला किती पडले हे आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

जमिनीत अचानक 75 मीटर खोल विहीर उघडते, तोंड 35 मीटर रुंद. खाली लिफ्टने जा नाहीतर जिन्याने. आत बारा महिने 13 अंश. बाहेर टी-शर्टात घाम गाळणारे लोक तळाशी हात काखेत घालून उभे असतात. स्वेटर न्याच, आणि बूट घसरणारे नकोत. मग होडी. होडीवाला काळ्या, स्वच्छ पाण्यावरून निवांत नेतो, छतावरून थेंब नेमके मानेवर पडतात. पुढे चालत गेलं की एका दालनाचं छत 94 मीटर वर जातं. मान दुखली तरी मी बघतच राहिले, आणि तेवढ्यापुरते आजोबा डोक्यातून गेले.

1889 मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हा गुहा धुंडाळणारा फ्रेंच माणूस दोराच्या शिडीने इथं उतरला आणि घडीच्या कापडी होडीतून अंधारात शिरला. त्या होडीचं नाव क्रोकोडाइल. म्हणजे वाहन त्याने सोबतच आणलं होतं. दंतकथेतही तेच. सैतानाने टाच आपटून हे भोक पाडलं आणि संत मार्टिनने त्यावरून उडी मारली, म्हणजे उडी त्याच्या खेचराने मारली. इथं संतसुद्धा पायी येत नाहीत.

संध्याकाळी स्टेशनवर परतले तर आजोबा त्याच बाकावर, कुत्रा पायाशी. मला पाहून चेहरा खुलला.

"पादिराक सापडलं?" त्यांनी विचारलं. "सरळच होतं ना?"