गल्लीतली शाळा कुणाची?

पहिलीपासून हिंदी सक्तीची असावी की नसावी, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात रान पेटलं होतं. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यातली सक्तीची भाषा मऊ झाली, आणि लोकांचा रेटा एवढा वाढला की २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या दिवसांत इथे जर्मनीतही चार मराठी घरं एकत्र आली की दुसरा विषय नसायचा. मी सक्तीच्या विरोधात होते, आजही आहे. सहा वर्षांच्या मुलाला आधी एका भाषेत नीट वाचता-लिहिता यावं, मग दुसरी, मग तिसरी. इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात परकी भाषा पहिलीपासून शिकवत होते, ती २०१८ च्या शैक्षणिक वर्षापासून तिसरीवर नेली. तो वेळ वाचन, लेखन आणि गणिताला हवा, म्हणून. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियानेही काही वर्षांनी तेच केलं. आम्ही राहतो त्या बव्हेरियात इंग्रजी तिसरीलाच सुरू होते. माझी मुलगी यंदा तिसरीत आहे. तिला इंग्रजीला उशीर झाला असं इथे एकाही पालकाला वाटत नाही.

पण त्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला. जिच्यासाठी आपण एवढे तळमळलो ती मराठी ज्या शाळेत शिकवली जाते, त्या शाळेत आपली मुलं आहेत का? वादात पोटतिडकीने बोलणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांची तळमळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती खरी आहे, म्हणूनच हा प्रश्न पुढे न्यायला हवा.

माझा भाऊ नाशिकला राहतो. त्याच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर मनपाची शाळा आहे, चालत पाच मिनिटांवर. माझा भाचा मात्र पहाटे उठतो आणि पावणेसातला व्हॅनमध्ये बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. सोसायटीतली इतर मुलंही अशीच पांगतात, कुणी या बोर्डाच्या शाळेत, कुणी त्या. वहिनीची सकाळ डबा, बूट, व्हॅनवाल्या काकांचा फोन यांत जाते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला, तेव्हा मुलांची झोप हा मोठा चर्चेचा विषय झाला होता. झोपेची काळजी रास्तच आहे. पण शाळा दहा किलोमीटरवर असेल तर वर्ग नऊला भरूनही मूल आठच्या आधीच घराबाहेर पडणार. झोप घड्याळापेक्षा अंतर जास्त खातं.

इथे एर्लांगनमध्ये मुलीची शाळा आठला भरते आणि ती साडेसातनंतर निघते. चालत. कोपऱ्यावर शेजारची दोन मुलं येऊन मिळतात, पुढे आणखी एक. मोठ्या रस्त्याच्या क्रॉसिंगवर चकचकीत जाकीट घातलेले स्वयंसेवक उभे असतात. कुणाचे आजोबा, कुणाची आई. पहिलीत असताना पोलीस वर्गावर येऊन रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवून गेले. चौथीत पोलिसांसमोर सायकलची परीक्षा होते. मुलांना गाडीने दारापर्यंत आणू नका, असं शाळा पालकांना पुन्हा पुन्हा सांगते. माझी आई नाशिकहून पहिल्यांदा आली तेव्हा दोन दिवस नातीच्या मागे थोडं अंतर ठेवून चालत गेली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “अगं, तू दुसरीत असताना अशीच जायचीस की.” खरंच होतं ते. आमच्या लहानपणी शाळा वाड्याच्या मागे होती आणि डॉक्टरांचा मुलगा आणि भाजीवाल्या मावशींची मुलगी एका बाकावर बसायची. अशी चालत गाठायची, सगळ्यांची शाळा ही काही जर्मनीची मिरासदारी नव्हे. आपण ती तीस-चाळीस वर्षांत हातची घालवली.

आम्ही ही शाळा निवडलेली नाही. ती घराच्या पत्त्याबरोबर आली. बव्हेरियात प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेची हद्द आखलेली असते आणि कोणत्या रस्त्यावरचं मूल कोणत्या शाळेत जाणार हे त्यावरून ठरतं. दुसऱ्या हद्दीतली शाळा हवी तर सबळ कारण देऊन अर्ज करायचा. फी नाही, मुलाखत नाही, देणगी नाही. खासगी शाळा आहेत, पण देशभरात दहातलं जेमतेम एक मूल तिथे जातं. त्यामुळे मुलीच्या वर्गात विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा मुलगा आहे, बस चालवणाऱ्या तुर्की बाबांची मुलगी आहे, सीरियाहून आलेली जुळी भावंडं आहेत, युक्रेनची एक मुलगी आहे. ज्या मुलांचं जर्मन कच्चं असतं त्यांच्यासाठी बालवाडीच्या शेवटच्या दीड वर्षात २४० तासांचा खास वर्ग असतो. आमच्या मुलीलाही तो मिळाला. उरलेलं जर्मन तिला वर्गाने आणि मैदानाने शिकवलं.

मराठी ही आमच्या घराची जबाबदारी आहे आणि ती आम्ही मनापासून पार पाडतो. गोष्टी, गाणी, आजीशी फोन, रविवारी चार मुलांना घेऊन बाराखडी. पण एक गोष्ट मला इथे राहून पक्की कळली. मुलं ज्यांच्यासोबत खेळतात त्यांची भाषा त्यांची होते. शाळा आणि खेळायचे सोबती एकाच मोहल्ल्यातले असले की ती भाषा बळ न वापरता रुजते. नाशिकच्या त्या सोसायटीत संध्याकाळी खाली खेळणारी मुलं अर्धी हिंदी आणि अर्धी इंग्रजी बोलतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी मराठी बोलतात. त्यांना जोडणारी शाळा एक नाही, मग भाषा कशी एक राहील? राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्हींचा मला आनंद आहे. पण तासाला शिकवलेली भाषा आणि डबा खाताना बोललेली भाषा यांत फरक आहे.

जर्मनीला ही व्यवस्था आयती मिळालेली नाही, हे मला इथे आल्यावर वाचून कळलं. शंभर वर्षांपूर्वी इथेही श्रीमंतांची मुलं फी भरून वेगळ्या शाळांत जात आणि तिथून थेट वरच्या शाळेत. बाकीच्यांची मुलं लोकशाळेत. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या वायमार राज्यघटनेत सर्वांना समान अशा प्राथमिक शाळेचं तत्त्व आलं आणि १९२० च्या कायद्याने पहिली चार वर्षं सगळ्या मुलांनी एकत्र शिकायचं ठरलं. फी घेणाऱ्या त्या पूर्वशाळा टप्प्याटप्प्याने बंद केल्या गेल्या. १९४९ च्या राज्यघटनेने तर सातव्या कलमात त्या बंदच राहतील असं लिहून ठेवलं. त्याच कलमात असंही आहे की खासगी शाळेला परवानगी देताना पालकांच्या ऐपतीनुसार मुलांची विभागणी होता कामा नये. ज्या देशाने विसाव्या शतकात माणसांची भयंकर प्रतवारी केली, त्याने नंतर मुलांच्या शाळेबद्दल हे वाक्य राज्यघटनेत घातलं, याचं मोल मला फार वाटतं.

म्हणून इथलं सगळं छान आहे असं मात्र नाही. दोन गोष्टी मला रोज टोचतात.

एक म्हणजे शाळा दुपारच्या आत सुटते. पहिली-दुसरीत तर काही दिवस साडेअकरालाच. त्यानंतर मुलांना सांभाळणारी केंद्रं आहेत, पण जागा कमी आणि यादी लांब. परिणाम ठरलेला: आई अर्धवेळ काम करते. मीही करते, आणि माझ्या मुलीच्या वर्गातल्या बहुतेक आया करतात, जर्मन असोत की परदेशी. आजी-आजोबा हाताशी नसलेल्या घराला याची झळ जास्त. नाशिकला वहिनी पूर्ण वेळ बँकेत जाते, कारण घरी माझी आई आहे. इथे संसदेने २०२१ मध्ये कायदा केला आहे. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसाला आठ तास सांभाळ मिळण्याचा हक्क, आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढत २०२९ मध्ये चौथीपर्यंत. ज्या देशाने शंभर वर्षांपूर्वी सगळ्या मुलांना एका वर्गात बसवलं, त्याला त्यांच्या आयांच्या दुपारचा विचार करायला एवढा काळ लागावा याचा मला राग येतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चार वर्षं एकत्र बसवलेली मुलं दहाव्या वर्षी वेगळी केली जातात. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतीपत्रक हाती येतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांच्या गुणांची सरासरी. इथे १ हा सर्वांत चांगला गुण, म्हणजे आकडा जितका लहान तितकं बरं. २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्यापलीकडची मुलं मिटेलशूलमध्ये, म्हणजे मुख्यतः व्यवसाय शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळेत. पुढे वाट बदलता येते, चाचणी वर्गही असतात, पण दहा वर्षांच्या पोराला ते कुठे कळतं? त्याला एवढंच कळतं की जिवलग मित्र एकीकडे आणि आपण दुसरीकडे. चौथीच्या वर्षी घराघरांत जो ताण असतो तो मी आमच्या वरच्या मजल्यावर पाहिला आहे, आणि पुढच्या वर्षी तो आमच्या घरी येणार आहे. ज्यांच्या आई-वडिलांना घरी जर्मनमधून अभ्यास घेता येतो त्यांची मुलं पुढे जातात. पिझा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल २००१ मध्ये आले, तेव्हा जर्मनी हादरली होती. मुलाची प्रगती आणि घरची परिस्थिती यांचं नातं इथे फार घट्ट असल्याचं त्यातून उघड झालं होतं.

हे सुधारायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची आहे. हाम्बुर्गनेही सहा वर्षं करायचं ठरवलं होतं, पण जुलै २०१० च्या सार्वमतात लोकांनी ते हाणून पाडलं. विरोधाची आघाडी सुखवस्तू पालकांनी उघडली होती. म्हणजे ऐपत असलेल्या आई-बापाला आपलं मूल लवकरात लवकर वेगळं काढायचं असतं, ही ओढ नाशिकची नाही की हाम्बुर्गची नाही. ती सगळीकडे आहे. फरक एवढाच की इथे कायदा तिला दहाव्या वर्षापर्यंत थोपवून धरतो आणि आपल्याकडे ती तिसऱ्या वर्षी, नर्सरीच्या अर्जावरच, मोकाट सुटते.

हे थोपवून धरणं आपल्याला सुचलं नव्हतं असंही नाही. देशाच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसर शाळेची शिफारस केली होती. वस्तीतल्या सर्व मुलांनी, जात, धर्म, उत्पन्न न पाहता, वस्तीतल्या शाळेत जावं. ती शिफारस कागदावर राहिली. नंतर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. एका बाकावर बसण्याची तेवढीच एक फट होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तीही बुजवायला घेतली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला त्या जागा देण्यातून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, हे फार चांगलं झालं. पण मला खटकतं ते हे की या निर्णयावर हिंदीच्या सक्तीइतका गदारोळ झाला नाही. गरिबाच्या मुलाला सांगितलं जात होतं, तुझी शाळा तुझ्या गल्लीत आहे. तीच गल्ली आपली असूनही ती शाळा आपल्या मुलांची नाही, यावर कुणी मोर्चा काढला नाही.

मनपाच्या शाळेत मूल घालायला लोक का कचरतात हे मला कळतं. शिक्षकांना जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणांची कामं लावली जातात. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात आणि शिक्षक कमी झाले की पट आणखी घसरतो. एकट्या भावाने भाच्याला तिथे घालावं असं मी त्याला सांगणार नाही. एका कुटुंबाने मूल पणाला लावून हे बदलत नाही. पण त्याच्या सोसायटीतल्या, पलीकडच्या गल्लीतल्या आणि मागच्या वस्तीतल्या पालकांनी मिळून पुढच्या जूनच्या पहिलीचा एक वर्ग भरवायचा ठरवला, नगरसेवकाला, शिक्षणाधिकाऱ्यांना जाऊन भेटले, या वर्गाला पूर्ण वेळ शिक्षिका द्या, स्वच्छतागृह दुरुस्त करा, इंग्रजी चांगलं शिकवा पण माध्यम मराठी ठेवा, असं लेखी मागितलं, तर त्यांना नाही म्हणणं फार अवघड जाईल. शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांत पालकांचं बहुमत असलेली व्यवस्थापन समिती दिलेलीच आहे. बँकेत काम करणारी वहिनी आणि मागच्या वस्तीतली कामवाली मावशी त्या समितीत शेजारी बसल्या, की त्या शाळेचा नळ किती दिवस बिघडलेला राहील? मी गेल्या रविवारी फोनवर हे सगळं भावाला बोलले. तो म्हणाला, “ताई, दहा घरं तयार झाली तर मी अकरावा.” मी त्याला म्हटलं, तू पहिला हो आणि दहा घरं शोध, व्हॅनच्या फेऱ्या मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात निम्मी सोसायटी फिरून होईल.