नॉर्वेचं उदाहरण देण्याआधी

कोकणात कुठल्याही प्रकल्पावरून रान पेटलं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नॉर्वे अवतरतो. नाणारच्या वेळी अवतरला, २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले तेव्हाही. चिपळूणचा दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, लिहितो, "आमचा हा राहतो तिथं फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठालाच ॲल्युमिनियमचा कारखाना आहे. वर बर्फाचे डोंगर, खाली मासे. मग आमच्याच आंब्याला काय धाड भरते?" त्यावर राजापूरची आत्या: "त्यांना जमतं ते. आपल्याकडे रात्री दोनला फिल्टर बंद करून धूर सोडतील." मग दोघंही मला साक्षीला बोलावतात, कारण मी नॉर्वेत राहतो आणि अशा कारखान्यांतला धूर गाळणाऱ्या यंत्रणांच्या देखभालीवरच माझं पोट चालतं.

साक्ष द्यायची तर ती दोघांच्याही विरोधात जाते. नॉर्वेतली हवा यंत्रामुळे स्वच्छ झाली असं दादाला वाटतं, आत्याला वाटतं माणसांच्या स्वभावामुळे. मला इथं जे दिसतं ते असं, की आधी नासाडी झाली, मग शेतकरी भांडले, मग मोजमाप सुरू झालं आणि यंत्र त्याच्या मागून आलं.

हा धूर मुळात येतो कुठून? १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघेही विशीतले, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि दोघांनी एकच शोध लावला. (दोघांचा जन्म १८६३चा, मृत्यूही एकाच साली, १९१४.) ॲल्युमिना, म्हणजे बॉक्साइटपासून काढलेली जी पूड धातूचा कच्चा माल असते ती, नुसता वितळवायचा तर दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या क्षारात मात्र तो नऊशे पन्नास-साठ अंशांना विरघळतो. त्या रसात कार्बनचे ॲनोड बुडवायचे, वीज सोडायची, की धातू तळाला बसतो आणि सुटलेला ऑक्सिजन ॲनोडचा कार्बन खात वर येतो. किलोभर ॲल्युमिनियमला साधारण चारशे ग्रॅम कार्बन जळतो आणि तेरा-चौदा युनिट वीज लागते. आजही जगभर हाच प्रकार चालतो, फक्त पॉट, म्हणजे ज्यात हे सगळं घडतं ती भांडी, मोठे झाले आणि करंट लाखांत गेला.

अडचण आहे ती क्रायोलाइटची. त्यात फ्लोरिन असतो. हवेतला, ॲल्युमिनातला ओलावा त्या रसाला भेटला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. एक टन धातूमागे वीस-तीस किलो फ्लोराइड असं पॉटमधून उठतं, काही वायू होऊन, काही धुळीच्या रूपात. सोग्नेफिओर्डच्या अगदी आतल्या टोकाला ओर्दाल नावाचं गाव आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे अरुंद खोरं. महायुद्धात जर्मनांनी तिथं कारखान्याचं काम काढलं, युद्धानंतर ते नॉर्वे सरकारने ताब्यात घेतलं आणि १९४८ साली धातू ओतायला सुरुवात झाली. खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवा झाकण घातल्यासारखी बसून राहते, धूर वर जातच नाही. कडेकपारीतले पाइन करपले. फ्लोराइड बसलेलं गवत खाऊन गुरांचे दात झिजले, सांधे आखडले. कारखाना सरकारी होता, देश युद्धातून उठत होता, निर्यातीचा पैसा हवा होता. आपल्याकडची 'विकास की गुरं' ही भाषा इथंही बोलली गेली, तीही वर्षानुवर्षं. शेतकरी भरपाईसाठी कारखान्याच्या मागे लागले. १९६१ साली सरकारने धुराच्या नुकसानीसाठी खास मंडळ नेमलं आणि कारखान्यांना त्याच्याकडून परवाना घेणं भाग पडलं. दादाने हा भाग ग्रुपवर कधी टाकलेला मी पाहिला नाही.

मग आला तो शोध, ज्यावर माझं मनापासून प्रेम आहे. पूर्वी वायू पाण्याने धूत. धुतलेलं पाणी आम्लधर्मी, ते परत कुठं सोडायचं हा प्रश्न उरेच. १९६०च्या दशकात अमेरिकेत अल्कोआने आणि पाठोपाठ इतरांनी वेगळी वाट धरली. पॉटला जो ॲल्युमिना खायला घालायचाच असतो, तोच आधी या वायूत सोडायचा. ॲल्युमिनाच्या कणाला आतून असंख्य छिद्रं असतात. टीपकागद शाई पितो तसा तो हायड्रोजन फ्लोराइड पिऊन घेतो. पुढे कापडी पिशव्यांच्या फिल्टरमध्ये तो अडतो आणि तिथून सरळ पॉटमध्ये जातो. म्हणजे जे फ्लोराइड गुरांच्या दातांत जात होतं ते पुन्हा बाथमध्ये, म्हणजे पॉटमधल्या वितळलेल्या रसात, फ्लोराइडच्या खरेदीचे पैसे वाचले, आणि घाण पाणी शून्य. ओस्लोतल्या पंखे बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीने हे ड्राय स्क्रबर पुढे जगभर विकले. यंत्रापर्यंत पोचलेल्या फ्लोराइडपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त त्यात अडकतं.

'यंत्रापर्यंत पोचलेल्या' हे शब्द मात्र जाहिरातीत बारीक टाइपात असतात.

पॉटरूममध्ये एकदा उभं राहून बघा. शंभर-दीडशे पॉट एका ओळीत, प्रत्येकावर ॲल्युमिनियमची झाकणं तिरकी टेकवलेली, आतली हवा डक्टमधून खेचली जाते. ॲनोड तीन-चार आठवड्यांत झिजतो, मग बदलावा लागतो. त्यासाठी चार-दोन झाकणं काढायची, वरचा कडक थर फोडायचा, क्रेनने लालभडक बट, म्हणजे झिजून उरलेला ॲनोडचा तुकडा, बाहेर काढायचा. तो बाहेर आल्यावरही धुमसत असतो, त्याला चिकटलेल्या बाथमधून फ्लोराइड सुटत राहतं. चांगल्या कारखान्यात तेवढ्या वेळापुरती त्या पॉटची ओढ वाढवतात आणि बट झाकणाच्या पेटीत ठेवतात. पण झाकण उघडं राहिलं, वाकलं, नीट बसलं नाही, की तेवढा धूर स्क्रबरला वळसा घालून छताच्या झरोक्यातून निघून जातो. चांगल्या स्मेल्टरमधून, म्हणजे अशा ॲल्युमिनियम कारखान्यातून, आज जे फ्लोराइड बाहेर पडतं त्यातलं बरंचसं चिमणीतून नसतं, छतातून असतं. तेव्हा आत्याच्या 'रात्री दोनला फिल्टर बंद'मध्ये फारसा अर्थ नाही. फिल्टर बंद करून कुणाचाच फायदा नाही, फ्लोराइड फुकट जातं. रात्री दोनला विचारायचं ते हे की झाकणं परत बसवली का, आणि छताखाली मोजणी चालू आहे का.

हवामानाचाही हिशेब आहे. वायू जितका गरम, तितका ॲल्युमिना कमी पितो. नॉर्वेच्या थंडीत सुरळीत चालणारं यंत्र ओडिशातल्या अंगुळच्या स्मेल्टरमध्ये मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, तसंच चालेल हे गृहीत धरता येत नाही. वायू आधी थंड करावा लागतो, त्याला पैसे लागतात. पावसाळ्यातली दमट हवा पॉटमध्ये जास्त हायड्रोजन फ्लोराइड तयार करते. सल्फर डायऑक्साइड ड्राय स्क्रबरमध्ये अडकत नाही. नॉर्वेतले बरेच कारखाने तो समुद्राच्या पाण्याने धुतात, कारण फिओर्ड दारात आहे. अंगुळला किंवा उत्तर प्रदेशातल्या रेणुकूटच्या स्मेल्टरला समुद्र कुठला आणणार? 'तिकडचं तंत्रज्ञान आणा' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी विचारात घ्यावं.

मोजमापाचं म्हणाल तर इथं प्रत्येक मोठ्या कारखान्याचे दरवर्षीचे आकडे सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात, फ्लोराइड किती, सल्फर किती, सगळं. त्याहून मला आवडलेली गोष्ट हरणांची आहे. स्मेल्टरच्या आसपास शिकार झालेल्या लाल हरणांचे खालचे जबडे गोळा करून पशुवैद्यकांनी हाडांतलं फ्लोराइड मोजलं, दात तपासले. कारखान्याच्या मीटरवर विश्वास नसेल तर हरणाच्या जबड्यावर ठेवा, असा रोखठोक मामला.

आणि नियमाने घालून दिलेली तारीख पाळली गेली. सोडरबर्ग नावाचा ॲनोड नॉर्वेतलाच शोध. कोळशाची भुकटी आणि डांबराचा लगदा पॉटवरच भाजत राहायचा, वेगळी भट्टी नको. स्वस्त, पण डांबराच्या वाफा माणसांच्या फुप्फुसात. नव्या मर्यादा लागू झाल्यावर ओर्दालमधली सोडरबर्गची लाइन २००७ मध्ये बंद झाली. गावात शेकडो नोकऱ्यांचा प्रश्न होता, तरी झाली. आपल्याकडे छत्तीसगडमधल्या कोरबा आणि ओडिशातल्या हिराकुडलाही सोडरबर्ग पॉट होते, तेही गेले. म्हणजे आपल्याला जमतच नाही हे खरं नाही. माहितीचीही वानवा नाही, नागपूरजवळ वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८९ पासून आहे. तरी अंगुळच्या परिसरातल्या गुरांच्या फ्लोरोसिसवर लिहिलं गेलंय, आणि तिथल्या गावकऱ्याला आपल्या वाडीवर या महिन्यात किती फ्लोराइड पडलं हे बघायला कुठं जायचं ते माहीत नसतं.

आता नॉर्वेची दुसरी बाजू, जी इथल्या जेवणाच्या टेबलावर निघाली की जरा शांतता पसरते. या देशात बॉक्साइट खोदलं जात नाही, बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल चिखल साठत नाही. तो भाग बाहेर. ओडिशात काशीपूरच्या उत्कल ॲल्युमिना प्रकल्पात नॉर्स्क हायड्रो ही नॉर्वेची ॲल्युमिनियम कंपनी भागीदार होती. १६ डिसेंबर २००० रोजी माइकांच गावात पोलिसांच्या गोळीबारात तीन आदिवासी मेले. इथल्या संघटनांनी आवाज उठवला, २००१ मध्ये कंपनी बाहेर पडली. प्रकल्प काही थांबला नाही, तो आज हिंदाल्कोकडे आहे. हायड्रोचा ॲल्युमिना येतो ब्राझीलच्या बार्कारेनाहून. तिथं २०१८ मध्ये मोठ्या पावसानंतर प्रक्रिया न केलेलं पाणी नदीत सोडल्याचं कंपनीला कबूल करावं लागलं, आणि सरकारने उत्पादन निम्म्यावर आणायला लावलं. फिओर्डचा फोटो बघताना हे दोन फोटो शेजारी ठेवावेत.

विजेचंही तसंच. ओर्दालच्या वर हजार मीटरवर तलाव आहे, पाणी खाली येतं, वीज होते. यात कर्तबगारीपेक्षा भूगोल जास्त. जलविजेवरच्या ॲल्युमिनियममागे टनाला साधारण चार टन कार्बन डायऑक्साइड, कोळशावरच्यामागे सोळा-सतरा टन किंवा जास्तच. म्हणून युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयातीवर कार्बनचा आकार लावायला सुरुवात केली तेव्हा ग्रुपवर 'गोऱ्यांचा कावा' सुरू झालं. चिडण्यात काही तथ्य आहेच. पण सध्याच्या नियमात ॲल्युमिनियमसाठी फक्त कारखान्यातून थेट निघणारा वायू धरतात, विजेच्या कोळशाचा नाही. थेट म्हणजे ॲनोडचा कार्बन, आणि पॉटला ॲल्युमिना कमी पडला की अचानक सुटणारा कार्बन टेट्राफ्लोराइड, जो वातावरणात पन्नास हजार वर्षं टिकतो. दुसरा तर पॉट नीट सांभाळूनच कमी होतो, त्याला ना नदी लागते ना फिओर्ड. ओरड करताना निदान तेवढं घरात करून घ्यावं. कार्बन न लागणाऱ्या ॲनोडवरचं काम कॅनडात अल्कोआ आणि रिओ टिंटो २०१८ पासून एकत्र करतायत, हायड्रो नॉर्वेतल्या पोर्सग्रुनला क्लोराइडच्या वाटेने प्रयत्न करतेय. यशस्वी झाले तर पॉटमधून निघेल ऑक्सिजन. पण कोळशाच्या विजेवर चालवलं तर वायू पॉटमधून निघायचा तो वीजघरातून निघेल.

दादाचा शेवटचा सवाल नेहमी एकच असतो: मग उद्या रत्नागिरीत स्मेल्टर आला तर हो की नाही? रत्नागिरीत बाल्कोच्या ॲल्युमिनियमसाठी सत्तरच्या दशकात जमिनी घेऊन झाल्या, कारखाना आला नाही. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आंबेवाल्यांनी १९९३-९४ मध्ये परतवला, तो तुतिकोरिनला गेला. तिथं २०१८ मध्ये तेरा माणसं गोळीबारात मेल्यावर त्याला टाळं लागलं. माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण आंबा नाही. स्मेल्टरला रात्रंदिवस स्वस्त वीज लागते, चार-पाच तास गेली तर पॉट गोठतात. कोकणात ती द्यायची तर किनाऱ्यावर कोळशाचं वीजघर आलंच. राधानगरीचं बॉक्साइट जवळ आहे एवढ्यावर स्मेल्टर चालत नाही. ते बेळगावला जातं, तिथं ॲल्युमिना होतो, आणि बेळगावचा स्वतःचा स्मेल्टर विजेपायीच बंद पडला.

अंगुळ, झारसुगुडा, कोरबा इथं मात्र हो-नाही कधीच संपलंय, पॉट चालू आहेत. दादाला आणि आत्याला खरंच भांडायचं असेल तर त्यांच्यासाठी भांडावं. मागणी लिहून देतो: चिमणीचा आकडा वेगळा, छताच्या झरोक्याचा वेगळा, दोन्ही महिन्याच्या महिन्याला, ओडियात आणि हिंदीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. आणि वर्षातून एकदा आसपासच्या गावांतल्या गुरांचे दात, कारखान्याच्या नाही तर पशुवैद्यकीय कॉलेजच्या माणसांनी तपासलेले.