तात्या विंचू एचआरमध्ये

माझ्या पुतण्याची कल्पना अशी : तात्या विंचू आता ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका आयटी कंपनीत एचआरला आहे. कॅमेरा दिवसभर त्याच्या मागे. तो दमलाय, त्याचं लग्न मोडायला आलंय, 'ओम फट् स्वाहा' म्हणायचा त्याला कंटाळा येतो. मध्येच कॅमेऱ्याकडे बघून सुस्कारा टाकतो. "मॉक्युमेंटरी गं आत्या, म्हणजे डॉक्युमेंटरीचं सोंग घेतलेली विनोदी गोष्ट! बाहुल्याची मॉक्युमेंटरी कुणी केलेलीच नाहीये."

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. घोडबंदर रोडला दादाच्या सतराव्या मजल्यावरच्या घरी रविवारची जेवणं झाली होती. आई ताटलीत मटार सोलत बसली होती. पुतण्या वेबसिरीज लिहिणाऱ्यांच्या टोळीत नवा नवा शिरलेला, त्यामुळे त्याला दर रविवारी एक कल्पना सुचते. 'झपाटलेला'चा तिसरा भाग काढायची घोषणा महेश कोठारेंनी केलेली आहे, त्यावरून विषय निघाला आणि दादा उसळलाच. "हात लावू नका म्हणावं. त्र्याण्णव सालचा पिक्चर. लक्ष्या गेला. प्रभावळकरांचा तो आवाज, पाध्यांचा तो बाहुला. एकदा जमलं ते जमलं. २०१३ ला थ्रीडी करून झालं ना? आता पुरे."

"म्हणजे म्युझियममध्ये ठेवायचं?" पुतण्या.

"ठेवा. निदान तिथे त्याला एचआरमध्ये तरी कुणी घालणार नाही."

घरोघरी चालतो तोच वाद. एका बाजूला 'जुन्याला हात लावू नका', दुसऱ्या बाजूला 'काळाप्रमाणे बदला'. नाटकावरून होतो, मालिकांवरून होतो, गणपतीच्या मखरावरूनसुद्धा होतो. मी सोळा वर्षं न्यू जर्सीत राहते, त्यामुळे मला दोन्हीकडून साक्षीला बोलावतात आणि कुणाच्याही बाजूने बोलले तरी 'तुला काय, तू तिकडे असतेस' हे ठरलेलं. पण या वेळी मला खरंच काहीतरी माहीत होतं.

"केलीये बाहुल्यांची मॉक्युमेंटरी," मी म्हटलं. "सोळा भागांत गुंडाळली."

मपेट्स, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरचे प्रसिद्ध बाहुले, मला तिकडे जाईपर्यंत फक्त टीशर्टवर माहीत होते. जिम हेन्सन नावाच्या माणसाने १९५५ साली आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि डोळ्यांसाठी पिंगपाँगचा मधोमध कापलेला चेंडू घेऊन एक बाहुला केला, तोच पुढे कर्मिट बेडूक झाला. 'द मपेट शो' आला १९७६ ला. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी नको म्हटल्यामुळे तो इंग्लंडात, एलस्ट्रीच्या स्टुडिओत झाला. पाच वर्षं, १२० भाग. एक जुनाट थिएटर, तिथे दर आठवड्याला एक कार्यक्रम, आणि तो कसाबसा पार पाडणारी ही मंडळी : कर्मिट सूत्रधार, मिस पिगी नावाची स्वतःला जगातली सर्वश्रेष्ठ नायिका समजणारी डुकरीण, फुसके विनोद सांगणारं फॉझी नावाचं अस्वल. वर बाल्कनीत बसून सगळ्यांना नावं ठेवणारे दोन म्हातारे.

२०१५ च्या सप्टेंबरात एबीसी वाहिनीने या मंडळींना परत आणलं, पण माझ्या पुतण्याच्या पद्धतीने. पिगी आता रात्रीच्या टॉक शोची होस्ट, कर्मिट त्याचा निर्माता आणि तिचा माजी प्रियकर. त्यांच्या ब्रेकअपची घोषणा शो सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, खऱ्या नटनट्यांची करतात तशी केली होती. फॉझीचं प्रेम माणसांतल्या एका मुलीवर आणि तिच्या आईबापांना अस्वल जावई पसंत नाही. थरथरता कॅमेरा, मध्येच खुर्चीत बसून दिलेल्या मुलाखती, ऑफिसातली धुसफूस. पहिला भाग ९० लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला. हिवाळा सरेपर्यंत त्यातले निम्मेही उरले नव्हते. मध्येच मुख्य लेखक बदलला. नव्या बाईंनी फेब्रुवारीत जरा हसरा, मोकळा शो करायचा प्रयत्न केला. त्यात तर वाहिनी शोला 'कूल' करायला एक ब्रँडिंगवाला पाठवते, असं पात्रच घातलं. म्हणजे स्वतःच्याच आजारपणावर विनोद. ते काम उत्कर्ष आंबुडकरने केलं होतं.

"आंबुडकर?" आईने मटारातून मान वर केली. "कुठले?"

मला माहीत नव्हतं. आईने मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. मे २०१६ मध्ये शो बंद झाल्याचं जाहीर झालं. तिकडची गंमत अशी की कुणी हळहळलं नाही, अग्रलेख नाहीत, परिसंवाद नाहीत. आकडे पडले, दुकान बंद. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी विषयही काढला नाही. आपल्याकडे निदान भांडतात तरी.

दादाला लगेच जोर आला. "बघ! बेडकाचा घटस्फोट दाखवला, कोण बघणार? लहान मुलांचं ते." हे तिकडेही म्हटलं गेलं होतं. वन मिलियन मॉम्स नावाच्या गटाने शो मुलांना बिघडवतो म्हणून त्याविरुद्ध मोहीमही चालवली होती. पण हे पटत नाही. हेन्सनला मुळात मोठ्यांसाठीच बाहुल्या करायच्या होत्या. 'मपेट शो'च्या १९७५ च्या प्रायोगिक भागाच्या नावातच 'सेक्स अँड व्हायोलन्स' हे शब्द होते! संस्कार बिघडल्यामुळे तो शो पडला नाही.

मग कशाने पडला? मला ते बऱ्याच उशिरा कळलं. २०२१ मध्ये जुने जवळजवळ सगळे भाग डिस्ने प्लसवर आले, तेव्हा लेकीबरोबर पहिल्यांदा नीट पाहिले आणि दुसऱ्या की तिसऱ्या भागाला मी सोफ्यावर उठून बसले. हा तर आमच्या चाळीतला गणपतीचा कार्यक्रम!

नौपाड्यातली आमची चाळ आता नाही, तिथे टॉवर आहे. पण ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन जुन्या चादरी, कड्या लावून तारेत ओवलेल्या, हा पडदा. तो ओढायचं काम दादाकडे होतं, आणि डावीकडची चादर दर वर्षी एकाच ठिकाणी अडकायची, कारण तिथली कडी मोडलेली होती. तळमजल्यावरचे काका मंडळाचे कार्यवाह. हातात चतकोर कागद, त्यावर आयटमची यादी, कपाळावर घाम, आणि विंगेत सारखी कुजबुज : पुढचं कोण? ती कुठाय? तिला माईक मिळाला नाही म्हणून ती रुसलीये. तबलजी आला नाही. नकला करणाऱ्या मुलाला दर वर्षी कुणीच हसायचं नाही आणि तो दर वर्षी नाव द्यायचा. मागच्या रांगेत, गॅलरीच्या कठड्याला टेकून, दोन आजोबा. त्यांना काही म्हणजे काही आवडायचं नाही, पण अथर्वशीर्षापासून आभारप्रदर्शनापर्यंत जागचे हलायचे नाहीत.

कर्मिट म्हणजे ते काका. तो शो चालायचा तो या एका गोष्टीवर की कुणालाच काही धड येत नाही, तरी आज रात्री पडदा वर गेलाच पाहिजे. भांडणं आहेत, रुसवे आहेत, पिगी कर्मिटला धपाटा घालते, पण सगळ्यांना कार्यक्रम व्हायला हवाय.

२०१५ वाल्यांनी हीच माणसं उचलून हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नेऊन बसवली. माणसं तीच, हेवेदावे तेच, फक्त कार्यक्रम नाही. पार्किंग, थकबाकी आणि मागच्या सभेचं इतिवृत्त. टॉक शो होता की, असं कुणी म्हणेल. पण तो सगळ्यांची नोकरी होता. पडला असता तर हळहळलं कोण असतं?

(दादा त्याच्या सोसायटीचा खजिनदार आहे. त्याला ही उपमा फार लागली.)

दुसरं कारण हाताशी संबंधित आहे, आणि ते मला लेकीने शिकवलं. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज आहे. २०१७ पासून तिथे हेन्सनच्या कामाचं कायमचं दालन आहे. काचेमागे बाहुल्या आहेतच, शिवाय स्वतः हातात बाहुली घालून कॅमेऱ्यापुढे उभं राहायची सोय आहे. मपेटवाले काम करतात ते असं : बाहुला डोक्याच्या वर धरायचा, आपण चौकटीच्या खाली, आणि नजर समोरच्या मॉनिटरवर. मॉनिटर आरशासारखा नसतो, कॅमेऱ्याला दिसतं तेच दाखवतो, त्यामुळे नवखा माणूस बाहुल्याला डावीकडे न्यायचं तर हमखास उजवीकडे नेतो. लेकीने हात वर केला, बाहुल्याला मान वळवायला लावली, चुकीच्या बाजूला नेलं, खिदळली. दीड-दोन मिनिटांत तिचं मनगट भरून आलं आणि बाहुल्याची मान पुढे पडली.

"मेला," ती म्हणाली.

'दमला' नाही म्हणाली. माणसाने खांदे पाडले की तो दमलेला दिसतो. बाहुल्याने पाडले की खालच्या माणसाचा हात दमलेला दिसतो. कुणीतरी हात दुखेपर्यंत वर धरलाय म्हणून बाहुला जिवंत, आणि आपण त्या हाताकडे काणाडोळा करतो, असा तो तोंडी करार. मॉक्युमेंटरी नेमकी उलटी चालते. तिचा कॅमेरा माणूस काय लपवतोय ते शोधतो : गिळलेला आवंढा, उडालेली पापणी, मिटिंगमधला सुस्कारा. बाहुल्याकडे लपवायला आत काही नसतं, जे आहे ते सगळं बाहेर, रंगवलेलं. कर्मिटचा चेहरा चुरगळतो तेव्हा मजा यायची, हे मान्य, कारण तो नुसता कापडाचा आहे आणि आतली बोटं त्याला हवं तसं दुमडतात. पण अख्खा शो किती वेळा चुरगळणार? आणि खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या जेवणाच्या टेबलावर, खरे वाटणारे सासूसासरे अस्वलाशी अवघडून बोलायला लागले, की मला नको ते प्रश्न पडायला लागायचे. थिएटरात ते पडत नाहीत.

अर्धवटराव आठवा. शंभर वर्षांहून जुना बाहुला : यशवंत पाध्ये, मग रामदास, आता सत्यजित. बोलणारा शेजारीच बसलेला असतो, सगळ्यांना दिसत असतो, आणि बाहुला त्यालाच सर्वांसमक्ष गप्प करतो. दमलेला अर्धवटराव मी तरी पाहिलेला नाही. आणि हे फक्त पाध्यांच्या घरापुरतं नाही. वाशीला ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे ते विष्णुदास भावे, मराठी नाटकाचे आद्य पुरुष म्हणून आपण त्यांना हार घालतो, त्यांनी स्वतः लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. वाशीच्या नाट्यगृहात मी चाळीसेक नाटकं पाहिली असतील, पण भाव्यांच्या बाहुल्यांचं मला चाळिशीत कळलं.

मालकीचाही फरक आहे. तिकडे १९९० मध्ये हेन्सन त्रेपन्नाव्या वर्षी अचानक गेला, २००४ मध्ये डिस्नेने मपेट्स विकत घेतले, आणि कर्मिटच्या आतला हात कुणाचा हे आता कंपनी ठरवते. आपल्याकडे तो प्रश्न अजून घरातच सुटतो. किती दिवस सुटेल, देव जाणे.

पुतण्या ऐकून घेत होता. मग त्याने नेमकं बोट ठेवलं. "म्हणजे जुना साचा ठेवला असता तर चाललं असतं?"

इथे मला प्रामाणिकपणे गप्प बसावं लागलं. १९९६ मध्ये जुन्याच धर्तीचा, पाहुणे-गाणी-विनोदवाला मपेट्सचा शो आला होता. तोही फार टिकला नाही. २०२० मध्ये वेगळाच छोट्या तुकड्यांचा आला, सहा भागांत संपला. २०२३ मध्ये त्यांच्या बँडवर मालिका आली, एकच सीझन. चालला तो २०११ चा चित्रपट, आणि त्याची गोष्ट काय? पांगलेली मंडळी गोळा करायची आणि जुनं थिएटर वाचवायला एक कार्यक्रम करायचा. दादाचं 'हात लावू नका' आकड्यांवर माझ्यापेक्षा भक्कम आहे.

तरी मी त्याच्या बाजूची नाही, कारण तिकडे आम्ही काय करतो ते मला माहीत आहे. फ्रीझरमध्ये पोळ्यांच्या पाकिटांशेजारी आठवणी ठेवतो. आमच्याकडच्या गणेशोत्सवात नव्वदीच्या दशकातली तीच गाणी त्याच क्रमाने होतात. भाड्याचं सभागृह, पडदा बटणावर, सरसर उघडतो. मुलं मागे फोन घेऊन बसतात. चूक मुलांची नाही. तिथे काही फसायची शक्यताच नसते. ठाण्याला आले की मला नौपाडा तसाच हवा असतो, आणि तसा तो नाही म्हणून मी दोन दिवस धुमसते. दादा तिथे रोज राहतो, त्याला त्या नुकसानीचा हिशेब माझ्याइतका लागत नाही.

संध्याकाळी पुतण्याने टीव्हीवर एक जुना भाग लावला. आईला इंग्रजी फारसं कळत नाही. बाल्कनीतले म्हातारे आले तशी ती हसायला लागली. "हे दोघं," ती म्हणाली, "गडकरी रंगायतनला आपल्या मागच्या रांगेत असायचे. एकाला सारखा खोकला."

भाग संपला. पुतण्या फोनवर काहीतरी टिपत होता. "बरं, तात्या विंचू एचआरमध्ये नाही. तो चाळीच्या गणपतीत कार्यक्रम बसवतोय. मुडदे पाडायची धमकी देऊन एकेकाला स्टेजवर ढकलतोय. बाबा, हे चालेल?"

दादा बराच वेळ काही बोलला नाही. रिमोट उचलला, आवाज कमी केला.

"पडद्याला चादरी घे," तो म्हणाला. "आणि डावीकडची अडकली पाहिजे."