'अ' काढला तरी ब्रह्मा उरत नाही

व्हॉट्सअॅपच्या गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. ज्यूंचा बायबलातला मूळपुरुष अब्राहाम म्हणजे आपला ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, दासी हागार म्हणजे घग्गर नदी; सबब ज्यू मूळचे भारतातले. वर 'ॲरिस्टॉटलही हेच सांगून गेलाय' अशी फोडणी. कल्पना आजची नाही. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरलाही ब्राम-अब्राम या नावांत भारत दिसला होता. जुनी आहे, एवढंच.

आधी नाव. 'अब्राहाम'मधला अ काढा, ब्रह्मा सापडेल, असं सांगतात. हिब्रूत, म्हणजे ज्यूंच्या मूळ भाषेत, तो अ सुटा निघतच नाही. आलेफ आणि बेत ही दोन अक्षरं मिळून 'आव' हा शब्द होतो (बेत म्हणजे ब, शब्दाच्या शेवटी त्याचा उच्चार व), अर्थ बाप. 'ब्र' हे जोडाक्षर आपल्या देवनागरीतलं. मूळ नावात ब एका शब्दाच्या शेवटी आहे आणि र पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला. जुनं रूप अब्राम, म्हणजे आव अधिक राम. राम म्हणजे उंच, थोर. (नाही, या रामाचाही अयोध्येशी संबंध नाही.) याच साच्यातली नावं बायबलात पसरलेली आहेत: मोशेविरुद्ध उठलेला अबीराम, राजा अबीमेलेख, शलमोनाचा कारभारी अदोनीराम. बायबलाबाहेर बिब्लोस या आजच्या लेबनॉनमधल्या प्राचीन शहराचा राजा अहीराम. त्याची कोरीव लेख असलेली दगडी शवपेटी 1923 मध्ये सापडली. एकट्या अब्राहामला ब्रह्मा ठरवायचं, तर या सगळ्यांचं काय करायचं?

आणि तो 'ह' बघा. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात अब्राम 99 वर्षांचा असताना देव त्याचं नाव बदलतो, तेव्हा ह येतो. कारणही तिथेच दिलंय: 'आव हमोन गोयीम', पुष्कळ राष्ट्रांचा बाप. ही शब्दांवरची कोटी आहे, काटेकोर व्युत्पत्ती नव्हे; तिच्यात मधल्या र चा हिशेब लागत नाही, आणि बरेच अभ्यासक दोन्ही रूपं एकाच नावाची मानतात. पण ब्रह्मन् शब्द 'बृह्' म्हणजे वाढणे या धातूशी जोडतात, तिथला ह धातूतलाच. ब्रह्मा इथून गेला असेल, तर त्याचा ह नव्याण्णव वर्षं कुठे राहिला?

साराचं प्रकरण सोपं आहे. 'सार' म्हणजे अधिकारी, 'सारा' म्हणजे राजघराण्यातली स्त्री. आजच्या इस्रायलमध्ये स्त्री मंत्र्यालाही साराच म्हणतात. सरस्वतीतलं 'सरस्' पाण्याचं. ऋग्वेदात ती नदी आहे, ब्रह्मदेवाशी तिचं नातं पुढच्या काळातलं. हागार तर बायबलातच मिसरी, म्हणजे इजिप्तची, म्हटलीय. तिला घग्गरच्या काठी बसवायला निव्वळ ग आणि र पुरतात काय?

ॲरिस्टॉटलची गोष्ट मात्र बनावट नाही, अर्धवट आहे. त्याचा शिष्य क्लिआर्कसने लिहिलेली ती कथा पहिल्या शतकात ज्यू इतिहासकार जोसिफसने उद्धृत केली: ज्यू हे भारतीय तत्त्वज्ञांचे वंशज, त्या तत्त्वज्ञांना भारतात कलानी म्हणतात. हे नाव अलेक्झांडरबरोबर गेलेल्या कलानोस या साधूवरून आलेलं दिसतं. पण कथेतली भेट ॲरिस्टॉटल आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) असतानाची, म्हणजे अलेक्झांडर भारतात पोचण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीची! शिवाय या उताऱ्यात ना अब्राहाम आहे, ना ब्रह्मा.

उरतं उच्चारातलं साम्य. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, आवाज जवळपास एक, नातं शून्य. शब्द खरोखर प्रवास करतो तेव्हा वाट दिसते. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात सुसा इथल्या इराणी राजवाड्यातल्या सजावटीत 'करपास' येतो. तो संस्कृत कार्पास, आपला कापूस. व्यापाराच्या मालाबरोबर इराणी दरबारात पोचलेला. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला भारताचं नाव 'होदू' असं आहे, तेही 'हिंदू'चं फारसीमार्गे झालेलं रूप.

अब्राहाम हे नाव भारतात आलं ते उलट दिशेने. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, ते घेऊन आले. इथे त्याचं 'आबाजी' झालं, आणि पुढे पेणकर, केहीमकर अशी गावावरून आडनावं लागली.