थंडीत वाळलेली तुळस उपटू नका
‘तुळस वाळली म्हणजे घरावर संकट, लगेच नवी लावा’ असा संदेश थंडीत व्हॉट्सॲपवर फिरतो. तसं काही नाही हो. तुळस उष्ण हवेतलं झाड. मंजिऱ्या पिकून बी धरलं, त्यात गारठा पडला, की पानं गळतात. आपण घाबरून रोज तांब्याभर पाणी ओततो आणि मुळं कुजवतो!

आधी नखानं खोड जरा खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. वाळक्या मंजिऱ्या खुडा, कुंडी उन्हात ठेवा, वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. फाल्गुनात ऊन तापू लागलं की पेरांवर फूट येते. खोड आतूनही वाळलं असेल, तर मंजिरी तळहातावर चोळा. मोहरीहून बारीक, काळपट बी निघेल. तेच त्या कुंडीत भुरभुरवा.